सतरा नंबरचा हात

मी माकडांची लाडकी मावशी नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या परसातली पपई कित्येक वर्षांत मी झाडावर पिकलेली पाहिलेली नाही. वालाच्या शेंगा भरायला लागल्या की टोळी येते, अर्ध्या शेंगा खाते, अर्ध्या तोडून फेकते आणि जाताना पाण्याच्या टाकीचं झाकण ढकलून देते. मी काठी घेऊन त्यांच्यामागे धावले आहे, दगड मारले आहेत आणि शिव्याही दिल्या आहेत. मराठीच्या बाईंना किती शिव्या येतात, हे शेजाऱ्यांना तेव्हाच कळलं. तेव्हा पुढचं वाचून कोणी मला प्राणिमित्र वगैरे म्हणू नये.

शाळेतून निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी एक गृहस्थ खालापूरला आमच्या घरी आले. तालुक्यातल्या एका प्रयोगशाळेचे ते प्रमुख. नवी औषधं माणसाला देण्याआधी तिथे जनावरांवर तपासतात. उंदीर असतात, ससे असतात आणि एका वेगळ्या इमारतीत माकडं. कोणत्या जनावरावर काय करायचं, हे मंजूर करायला एक समिती असावी लागते, आणि त्या समितीत विज्ञानाशी काही संबंध नसलेला एक माणूस लागतो. आधीचे सभासद मुलाकडे नाशिकला राहायला गेले होते. प्रमुखांनी माझी पुस्तकांची कपाटं पाहिली, बिनसाखरेचा चहा तोंड वाकडं न करता संपवला आणि म्हणाले, "वर्षातून तीन-चार बैठका, मॅडम. कागद आधी पाठवू. तुम्हाला काहीच त्रास होणार नाही."

त्रास कोणाला होऊ नये, ते मला बरोबर कळलं. सही करणारी एक सभ्य बाई हवी होती. चौकसपणा हा माझा जुना रोग आहे, म्हणून मी हो म्हटलं.

पहिल्या भेटीला मला आधी छातीचा एक्स-रे काढून आणावा लागला. माणसाचा क्षय माकडाला लागतो, तो मी त्यांना द्यायला नको म्हणून. मग कपडे बदला, टोपी घाला, मास्क बांधा, गमबूट चढवा. आत फिनेलचा वास आणि भिंतीवर एक रेडिओ मोठ्याने लागलेला. पिंजऱ्यांच्या रांगेतून एक माणूस बादली घेऊन आला. टोपी आणि मास्कच्या मधून त्याचे फक्त डोळे दिसत होते. मी प्रमुखांना काहीतरी विचारलं, तर तो आवाजावरून थबकला.

"बाई, तुमी?"

हा माझाच विद्यार्थी निघाला. साजगावकडच्या एका गावचा, भातशेतीवाल्या घरातला. दहावीला मराठीत अगदी काठावर पास झाला होता आणि ते गुण मी कसे ओढूनताणून दिले, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आता चाळिशीला आला होता. माकडांना खायला घालायचं, पिंजरे धुवायचे आणि रक्त घ्यायच्या वेळी माकड धरून द्यायचं, हे त्याचं काम.

प्रत्येक पिंजऱ्यात एकच माकड होतं. हात पसरले तर दोन्ही बाजूंना लागतील, एवढी जागा. माकड काय असतं, हे मला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. आमच्या परसातल्या चोरांना मी रोज बघते. लुटून झालं की ती चिंचेवर बसून तासन्‌तास एकमेकांचे केस बघतात, पिल्लं एकीकडून दुसरीकडे देतात, भांडतात, पुन्हा चिकटून बसतात. एकटं माकड मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. इथे खोलीभर एकटी माकडं होती, आणि कागदावर लिहिलं होतं, 'मनोरंजनाची सोय : रेडिओ.'

रांगेच्या शेवटी सतरा नंबर होती. वयाने मोठी माकडीण, छातीवर निळ्या शाईत आकडा गोंदलेला. डाव्या हाताचे केस तिने स्वतःच उपटून टाकले होते, कोपरापर्यंत उघडी गुलाबी कातडी. ती पिंजऱ्यात गिरक्या घेत होती, तीन एका बाजूने आणि एक उलट. पुन्हा तीन, पुन्हा एक. मी किती वेळ बघत उभी राहिले, कोण जाणे. तिचा हिशोब एकदाही चुकला नाही.

रक्त कसं घेतात, तेही पाहिलं. पिंजऱ्याची मागची जाळी सरकती असते. बाहेरचा दांडा ओढला की जाळी पुढे येते आणि माकड दोन जाळ्यांच्या मध्ये चेपलं जातं. मग सुई. ते किंचाळलं की रांगेतली सगळी किंचाळतात. रेडिओ तेवढा चालूच राहतो.

सतरा नंबरचा दांडा मात्र कोणी ओढत नसे, कारण माझ्या विद्यार्थ्याने तिला वेगळं शिकवलं होतं. त्याचे वडील बैलाच्या खुराला पत्री ठोकताना त्याला कधी आडवा पाडत नसत. खांद्यावर थाप मारायची, जिभेने आवाज काढायचा, पाय उचलला की मूठभर कोंडा. त्याने तेच केलं, फक्त कोंड्याच्या जागी शेंगदाणा. आपल्या जेवणाच्या सुट्टीत, कोणी सांगितलं नसताना, कितीतरी महिने. आता त्याने आवाज काढला की सतरा नंबर गिरक्या थांबवून पुढे यायची, खाण्याच्या फटीतून डावा हात बाहेर काढायची, तळवा वर. सुई टोचताना तोंड फिरवायची. झालं की शेंगदाणा घ्यायची. रक्त देताना मीही तोंड फिरवते. मला मधुमेह आहे, दर तीन महिन्यांनी माझंही रक्त काढतात.

पहिल्याच बैठकीत मी विचारलं, सगळ्यांना असं का शिकवत नाही. "वेळ लागतो, मॅडम." दोन-दोन एकत्र का ठेवत नाही. "मारामाऱ्या होतात, अभ्यासात अडथळा येतो." नंतर इतिवृत्त हातात आलं. त्यात लिहिलं होतं, नव्या सभासदांनी येथील सोयींचं कौतुक केलं. मी ते वाक्य लाल शाईने खोडलं, समासात 'चूक' असं लिहिलं आणि कागद परत पाठवला. तेव्हापासून बैठकीत माझ्यासमोर बिस्किटांची बशी येईनाशी झाली. नाहीतरी मला ती चालत नव्हतीच.

आता मुख्य गोष्ट. हनुमान जयंतीला आमच्याकडे गावोगाव पहाटेचं कीर्तन असतं. सूर्य उगवताना मारुतीचा जन्म होतो, मग सुंठवडा वाटतात. सुंठ, साखर आणि किसलेलं खोबरं, चिमूटभर हातावर. त्या दिवशी माझा विद्यार्थी देवळातून थेट पाळीवर गेला. सुंठवड्याची पुडी खिशात होती. त्या सकाळी रांगेतल्या सगळ्या माकडांना उपाशी ठेवलं होतं, कारण मधुमेहाच्या नव्या औषधासाठी उपाशीपोटीचं रक्त घ्यायचं होतं. सतरा नंबरने त्याला पाहिलं आणि सवयीने हात बाहेर काढला. त्याने त्या तळव्यावर चिमूटभर सुंठवडा ठेवला.

दुपारी आकडे आले, तेव्हा सतरा नंबरच्या रक्तातली साखर कुठल्या कुठे गेलेली. तो स्वतःच जाऊन म्हणाला, मी दिलं. संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"अरे, उपाशी ठेवायचं आहे हे माहीत होतं ना तुला?"

"माहीत होतं, बाई. पन त्यो दिवसच तसा हाय. आमी सगळ्यांनी परसाद खायचा आनि तिला, तिच्याच देवाच्या दिवशी, उपाशी ठेवायचं? हात पुढं केलान तिनं. माझ्याच्यानं नाय म्हनवलं नाय."

शाळेत असता तर कान धरला असता. मला साखर चालत नाही हे माहीत असूनही त्याने उरलेली पुडी माझ्या हातावर ठेवली, आणि मी ती खाल्ली.

"माझं काय व्हायचं ते होऊ द्या," तो म्हणाला. "तिला मारतायत, बाई. चूक मी केली आनि मरनार ती."

खरंच तसं होतं. सतरा नंबर त्या अभ्यासातून बाद झाली. पुढच्या कामाला तरुण माकडं हवी होती. त्यामुळे तिला वेदना न होऊ देता संपवून तिच्या अवयवांचे नमुने ठेवून घ्यावेत, असा प्रस्ताव समितीपुढे येणार होता. महिनाभराने बैठक. सह्या झाल्या की त्याच आठवड्यात काम.

त्याच महिन्यात त्याच्या गावात एक माकड विजेच्या तारेला चिकटून मेलं. आमच्या भागात माकड मेलं की माणसासारखं करतात. तिरडी बांधली, गुलाल उधळला, टेंपोवर भोंगा लावून भजन म्हणत अख्खं गाव ओढ्यापर्यंत चालत गेलं. दहाव्याला पुरुषांनी डोकी भादरली, माझ्या विद्यार्थ्यानेसुद्धा. तेराव्याला गावजेवण होतं आणि मला आग्रहाचं बोलावणं. मी गेले, कारण मला तिथे बोलायचं होतं.

पंगत बसली होती. मी उभी राहिले आणि सांगितलं, की इथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एक माकडीण आहे, जिवंत आहे आणि ती जिवंत राहावी असं कोणाला वाटत असेल तर पुढच्या आठवड्यात समितीला निवेदन द्यायचं आहे. गावातर्फे एका माणसाने माझ्याबरोबर यावं, एवढंच मागणं. तीन-चार तरुण ताडकन उठले. आत्ताच जाऊन गेट तोडतो, सगळी सोडून देतो, म्हणाले. एकाने मोबाइलही काढला. मी म्हटलं, खाली बसा. पिंजऱ्यात जन्मलेलं माकड तुम्ही डोंगरात सोडलंत तर दोन दिवसांत ते तिथल्या टोळीच्या दातांनी मरेल, नाहीतर माझ्या-तुमच्या दगडांनी. गेट तोडू नका. कागदावर सही करा आणि माझ्याबरोबर चला.

कागदाचं नाव निघाल्यावर उभे राहिलेले खाली बसले आणि जेवायला लागले. वाढणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने माझ्या पानात भाताची मूद टाकली. "जेवा गं बाई. आमच्या घरातली दोन मानसं हायत तिथं कामाला. आमी काय बोलनार? मेलेल्याचं करायचं ते केलं आमी."

तिच्यावर मला राग नव्हता. घरातली चूल कशावर पेटते, ते तिला ठाऊक होतं. गेट तोडायला निघालेल्यांचा मात्र आला, आणि अजून जात नाही. मेलेल्या माकडाला खांदा द्यायला रांग लागते, कारण ते काही मागत नाही. जिवंत माकडासाठी एक दुपार मोडायची म्हटली की सगळ्यांना कामं आठवतात. त्यांनी दुसऱ्यांदा बुंदी घेतली तेव्हा मी पानावरून उठले. असं पानावरून उठणं वाईट दिसतं. दिसू दे.

बैठकीच्या दिवशी मी एकटीच गेले. टेबलाभोवती प्रमुख, जनावरांची डॉक्टर असलेली एक तरुण मुलगी, बाहेरून आलेले दोन तज्ज्ञ आणि मी. प्रस्ताव इंग्रजीत. खाली चार सह्या आधीच झालेल्या. कागद फिरत फिरत माझ्यासमोर आला आणि थांबला.

"सतरा नंबरला मारायचं शास्त्रीय कारण काय?" मी विचारलं.

"ती आता उपयोगाची नाही, मॅडम."

"हे कारण झालं नाही. मीही निवृत्त आहे."

प्रमुख हसले नाहीत. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. त्यांच्या वडिलांचा पाय मधुमेहाने गुडघ्यातून कापावा लागला होता, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मग शांतपणे म्हणाले, "तुमच्या पर्समध्ये जी गोळी आहे ना मॅडम, तीसुद्धा कोणत्यातरी जनावराच्या अंगातून गेल्यावरच तुमच्यापर्यंत आली आहे. ती तुम्ही घेता."

टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. बोट अगदी दुखऱ्या जागेवर ठेवलं होतं त्यांनी. मला त्यांचं दुःख खरं वाटलं, त्यांचं बोलणंही खरं होतं, आणि मी तिथून हलणार नव्हते.

"घेते," मी म्हटलं. "सकाळ-संध्याकाळ घेते, उद्याही घेईन. म्हणूनच मी इथे बसून विचारणार. जी घेत नाही तिने गप्प बसलं तर चालेल, मला ती सवलत नाही. तुमच्या वडिलांचा पाय आणि सतरा नंबरचा जीव यातलं एक निवडा, असं आज कोणी विचारत नाहीये. तिला मारून कोणाचाही पाय वाचत नाही. वाचतो तो फक्त एक पिंजरा आणि रोजचे मूठभर शेंगदाणे. चूक माणसाने केली. ती तर हात पुढे करायला शिकली होती, तो तिने केला."

मी पेन काढलं आणि सहीच्या जागी मराठीत लिहिलं : हे जनावर मारण्याचं कारण मला कोणीही सांगू शकलेलं नाही. माझी संमती नाही. खाली तारीख घातली.

"मॅडम, हे इंग्रजीत लागेल," बाहेरच्या तज्ज्ञांपैकी एक म्हणाले.

"ज्याला वाचायचं असेल तो वाचून घेईल. मी आयुष्यभर हेच शिकवलं."

मग ती डॉक्टर मुलगी, जी तीन बैठकांत एक अक्षर बोलली नव्हती, तिने हात लांब करून कागद स्वतःकडे ओढला. स्वतःची सही एका रेघेने खोडली. प्रमुखांकडे न बघता म्हणाली, की काम संपलेल्या जनावराचं पुनर्वसन होतं का ते आधी बघायला हवं, नियमच तसा आहे, आणि आपण ते बघितलेलं नाही. माझ्या वयाला धिटाई स्वस्त पडते, तिची तिथे नोकरी होती. सगळ्यात मोठं धाडस त्या दिवशी तिने केलं, असं मी आजही मानते.

प्रस्ताव बारगळला. पुनर्वसनाच्या ठिकाणी जागा नव्हती, अजूनही नाही. पण काही महिन्यांनी इमारतीच्या मागे एक मोठं जाळीचं आवार बांधलं, वरच्या जाळीतून आभाळ दिसेल असं. त्यात सतरा नंबर आणि आणखी एक म्हातारी माकडीण, नऊ नंबर, अशा दोघींना ठेवलं. माझ्या विद्यार्थ्याला ताकीद मिळाली आणि स्टोअरमध्ये पाठवलं. मग जाळीचा दांडा न ओढता रक्त घेण्याची टूम वरच्या कोणालातरी पटली आणि बाकीच्या माकडांना शिकवायला त्यालाच परत बोलावलं. माझी मुदत संपली, तेव्हा ती वाढवली नाही. पत्रात माझ्या मोलाच्या सहकार्याबद्दल आभार मानले होते. या वेळी ते वाक्य खोडून कागद परत पाठवण्यात अर्थ नव्हता.

शेवटच्या दिवशी मी त्या जाळीच्या आवारापाशी गेले. एक्स-रे, टोपी, मास्क, सगळं पुन्हा. विद्यार्थी बरोबर होता. नऊ नंबर सतरा नंबरच्या मागे बसून तिच्या पाठीचे केस बघत होती, चिंचेवरच्या चोरांसारखीच. सतरा नंबरच्या डाव्या हातावर लव उगवली होती. गिरक्या अजून घेते का, मी विचारलं. "घेते, बाई. पन कमी. जवळ कोन असलं की नाय घेत."

आमची चाहूल लागली तशी ती उठली. नऊ नंबरला तिथेच सोडून जाळीपाशी आली आणि जाळीतून डावा हात बाहेर काढला, तळवा वर. कोणी आवाज काढला नव्हता. मग तिने तोंड फिरवलं आणि सुईची वाट बघत बसून राहिली.

"सवय हाय," तो हळूच म्हणाला. "मीच लावली."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने शेंगदाणा पुढे केला तेव्हा मी त्याचा हात धरून मागे घेतला. माझ्या हातात ना सुई होती ना शेंगदाणा. तिच्या चांगल्यासाठी म्हणून जे जे झालं होतं, त्यातून ती एवढंच शिकली होती, की माणूस आला की हात द्यायचा. मला एखाद्यावर ओरडावंसं वाटलं, पण समोर ओरडण्यासारखं कोणीच नव्हतं. मी जाळीजवळ जाऊन तिला म्हटलं, "घे आत. आता कोणाला द्यायचा नाही."

तिला माझं मराठी कळणार नव्हतंच. हात तसाच बाहेर. दोन मिनिटं, पाच मिनिटं. नऊ नंबर मागून आली आणि तिने पुन्हा तिच्या पाठीत बोटं घातली. तरी हात बाहेरच. विद्यार्थी म्हणाला, "चला बाई, तुमची गाडी चुकंल."

"चुकू दे," मी म्हटलं.

तिने हात आत घेईपर्यंत मी तिथून हलले नाही.